सोसायटी भरली का?

"सोसायटी भरली का?" हा प्रश्न मला महिन्यातून एकदा आमच्या बिल्डिंगच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारला जातो. आणि वर्षातून एकदा, मार्च संपत आला की, तोच प्रश्न मी आप्पांना फोनवर विचारतो. शब्द तेच तीन, अर्थ मात्र दोन वेगळ्या जगांतले. पुण्यात सोसायटी भरली म्हणजे मेंटेनन्स भरला. वॉचमनचा पगार, लिफ्टची दुरुस्ती, उन्हाळ्यात टँकर वगैरे. आमच्या गावाकडे (तासगाव तालुका, जिल्हा सांगली) सोसायटी भरली म्हणजे पीककर्ज फेडलं. तिकडे सोसायटी 'काढतात', 'उचलतात', 'भरतात', आणि अगदीच नाही जमलं तर 'नवं-जुनं करतात'. म्हणजे जुनं कर्ज कागदावर फेडायचं आणि लगेच नवं उचलायचं. आप्पांची यावर एक ठरलेली कोटी आहे, "सोसायला लागती ती सोसायटी."

गंमत म्हणजे या दोन्ही सोसायट्या एकाच कायद्याखाली नोंदवलेल्या असतात, महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६०. म्हणजे माझा फ्लॅट आणि आप्पांचं कर्ज हे कायद्याच्या दृष्टीने चुलतभाऊच. दोन्हीकडे चेअरमन असतो (गावाकडे 'चेरमन'), दोन्हीकडे वार्षिक सभा असते आणि दोन्हीकडच्या सभेत न चुकता भांडणं होतात!

मला शनिवारी सकाळी चहाचा कप घेऊन एखाद्या शब्दाच्या मागे लागायची वाईट खोड आहे. हापिसात दिवसभर जे शब्द आपण न बघता वापरतो, ते मुळात कुठून आले, वाटेत काय काय होत इथवर पोचले, हे बघायला मजा येते. तर या शनिवारी सोसायटीचा नंबर लागला.

'सोसायटी' इंग्रजीत आला फ्रेंचमार्गे, पण मूळचा लॅटिन. लॅटिनमध्ये 'सोसियस' म्हणजे सोबती, साथीदार. 'सोशल', 'असोसिएशन' ही सगळी त्याच घरातली मंडळी. भाषाशास्त्राचे अभ्यासक आणखी मागे जातात आणि सांगतात की 'सोसियस' आणि आपला संस्कृत 'सखा' हे एकाच प्राचीन धातूपासून आलेले आहेत. म्हणजे सोसायटी ही सख्याची दूरची नातेवाईक निघाली. आप्पांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "मग सख्याला सांग की जरा व्याज कमी कर."

पण खरं सांगायचं तर हा सोबतीचा अर्थ आमच्या भागात नुसता शब्दकोशातला नव्हता. त्यामागे एक इतिहास आहे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल करून कर्जाची खतं आणि रोखे जाळले. सुप्याच्या बाजारात ठिणगी पडली आणि गावोगाव पसरली. माणसांना इजा फारशी झाली नाही, राग होता तो कागदावर. त्यानंतर सरकारने १८७९ साली शेतकऱ्यांना सावकाराच्या पाशातून थोडं सोडवणारा एक कायदा केला. तो पुणे, नगर, सोलापूर आणि सातारा या चार जिल्ह्यांसाठी होता. आमचं तासगाव तेव्हा सातारा जिल्ह्यातच होतं. (१९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली ठेवलं. त्यामुळे सातारकर आणि सांगलीकर एकमेकांना कितीही चिडवोत, कागदोपत्री भाऊबंदच.)

आणि मग १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा आला. एका गावातल्या कुठल्याही दहा जणांनी एकत्र यायचं आणि सोसायटी काढायची. खेड्यातल्या सोसायटीत जबाबदारी अमर्याद असायची. म्हणजे एकाने बुडवलं, तर बाकीच्यांनी ते भरायचं. सावकार तारण बघून पैसे देतो, सोसायटी शेजाऱ्याच्या शब्दावर पैसे देते, अशी ती कल्पना. तिकडे लंडनमध्ये 'सोसायटी' म्हणजे बड्या लोकांच्या मेजवान्या असा अर्थ झालेला असताना, इकडे एखाद्या खेड्यातल्या चावडीत दहा शेतकऱ्यांनी अंगठे उठवून त्या शब्दाला त्याचा जुना अर्थ परत मिळवून दिला. एकमेकांचे सोबती, बुडालो तर सगळे.

इंग्रजीत अशा दुसऱ्या भाषेतून आलेल्या शब्दाला 'लोनवर्ड' म्हणतात, म्हणजे कर्जाऊ शब्द. (आणि 'लोनवर्ड' हा शब्द जर्मन शब्दाचं शब्दशः भाषांतर आहे. म्हणजे कर्जाला कर्ज म्हणायचं, तेही उसनं आणून!) पण हे कर्ज मोठं अजब असतं. जामीनदार लागत नाही, व्याज नाही, परत करायचं नाही, आणि देणाऱ्याच्या घरातून काही कमी होत नाही. वर घेणाऱ्याने त्याचं काय वाट्टेल ते करावं. या असल्या कर्जात सातारा-सांगलीच्या लोकांनी कधी हात आखडता घेतला नाही.

'लिफ्ट' घ्या. तुम्ही आता हे वाचताय त्या इमारतीत लिफ्ट असेल, ती माणसं वर नेते. आमच्याकडे लिफ्ट पाणी वर नेते. कराडजवळच्या टेंभू गावापाशी (हेच गोपाळ गणेश आगरकरांचं जन्मगाव) कृष्णेचं पाणी पंपांनी टप्प्याटप्प्याने उचलून आटपाडी, खानापूर, तासगाव, कवठेमहांकाळ अशा दुष्काळी तालुक्यांकडे नेलंय. सरकारी कागदावर ती 'उपसा सिंचन योजना', माणसांच्या तोंडात 'लिफ्ट'. "आमच्यात लिफ्ट आली" असं एखादा शेतकरी म्हणाला तर त्याने बंगला बांधला असं समजू नका, त्याच्या रानात पाणी आलंय. इंग्रजी 'लिफ्ट' मूळचा जुन्या नॉर्स भाषेतला, अर्थ हवेत उंच उचलणं. म्हणजे मूळ अर्थाच्या जास्त जवळ कोण आहे बघा, तुमच्या ऑफिसातला डबा की डोंगर चढणारी कृष्णा?

किंवा 'फेज'. शेतीला वीज मिळते ती ठराविक तास, आणि त्यातही बरेचदा रात्री. "थ्री फेज कवा येणार हाय?" हा आमच्याकडचा जीवनमरणाचा प्रश्न. कारण थ्री फेज आल्याशिवाय मोटर चालत नाही. (आणि 'मोटर' म्हणजे पाण्याचा पंप, गाडी नव्हे.) आप्पांनी आयुष्यातली कितीतरी वर्षं रात्री दोनला उठून, बॅटरी घेऊन, फेज आला का बघायला विहिरीवर जाण्यात घालवली. हा 'फेज' मूळचा ग्रीक, अर्थ 'दिसणं', आणि इंग्रजीत तो पहिल्यांदा आला तो चंद्राच्या कलांसाठी. विजेचा फेज फार नंतरचा. रात्री दोनला चंद्राच्या उजेडात बांधावरून चालत फेज बघायला जाणाऱ्या माणसाला ही व्युत्पत्ती कोणी सांगायची गरज नाही.

आता जरा आजोळी जाऊ, म्हणजे सातारा जिल्ह्यात. आजोबा मिलिटरीत होते. सातारा जिल्ह्यात हे सांगण्यात विशेष काही नाही, घरटी कुणीतरी असतोच. साताऱ्याजवळ एका गावाचं तर नावच 'आपशिंगे मिलिटरी' आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण कामी आले, आणि तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या गाव सैन्यात जातंय. एक इंग्रजी विशेषण मराठी गावाचं आडनाव होऊन बसलं. जगात कुठल्याही शब्दकोशात 'मिलिटरी' हे आडनाव म्हणून सापडणार नाही, एसटीच्या पाटीवर सापडेल.

तर आजोबा. ते आजीला हाक 'अगं' अशी मारायचे, पण चारचौघांत तिचा उल्लेख कायम 'आमची फॅमिली' असा. "फॅमिलीला घेऊन आलोय." सुरुवातीला मला वाटायचं हे फक्त आजोबांचं. मग कळलं की हा वापर सगळीकडेच पसरलाय. पुणे-बंगळूर हायवेवरच्या हॉटेलांत 'फॅमिली रूम' अशी पाटी असते ती खोली कुटुंबासाठी नसते, बायकांना निवांत बसून जेवता यावं म्हणून असते. चार मित्र भावाभावांसारखे असले तरी त्यांना तिथे प्रवेश नाही! आता मूळ बघा. लॅटिन 'फामिलिया' म्हणजे घरातले नोकर-गुलाम, सगळं मिळून. 'फामुलुस' म्हणजे नोकर. त्यावरून घरातलं एकूण माणूसबळ, त्यावरून नात्यातली माणसं, आणि साताऱ्यात पोचेपर्यंत एकटी आजी. (आजीला हे मूळ सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, बरोबरच आहे की, नोकरच ना मी. म्हणून सांगितलं नाही.)

सातारा जिल्ह्यातलाच आणखी एक शब्द तुम्ही सगळ्यांनी वापरलाय, 'पॉइंट'. मूळ लॅटिन अर्थ टोचून पडलेलं भोक. त्यावरून ठिपका, टोक, आणि टोकावरून जमिनीचं पुढे घुसलेलं टोक. समुद्रात घुसलेल्या जमिनीला इंग्रज 'पॉइंट' म्हणत आले होतेच. १८२०च्या दशकात ते महाबळेश्वरात पोचले, तर तिथे समुद्र नव्हता पण खाली कोकण पसरलेलं आणि त्यात नाक खुपसून उभे असलेले कडे होते. झाले पॉइंट! लॉडविक पॉइंट, एल्फिन्स्टन पॉइंट, केट्स पॉइंट. मग आपण तिथे सहलीला जाऊ लागलो आणि पॉइंटचा अर्थ झाला 'जिथे थांबून बघायचं ती जागा'. टोक असो नसो. त्यातून सनसेट पॉइंट, त्यातून शहरातला सेल्फी पॉइंट, आणि जिथे थांबून बघायचं नसतं, खायचं असतं, तो वडापाव पॉइंट.

आणि हे सगळं एकतर्फीच चालतं असं समजू नका. आपणही इंग्रजीला दिलंय. इंग्रजीतला 'मंगूस' म्हणजे आपलं मुंगूस, शब्दकोश तो सरळ मराठीच्या नावावर लावतात. बिचाऱ्या इंग्रजांना त्यात 'गूस' म्हणजे हंस ऐकू येतो, त्यामुळे अनेकवचन काय करायचं यावर त्यांच्यात अजून गोंधळ आहे. हसू नका, आपणही तेच करतो. सांगली म्हणजे 'सहा गल्ल्या', सातारा म्हणजे 'सात तट', असं आम्हाला लहानपणी ठामपणे सांगितलं जायचं. माणसाला अर्थ नसलेला शब्द सहन होत नाही. तो त्यात ओळखीचं काहीतरी शोधतोच.

असो. इथवर सगळी गंमत झाली. आता ज्या शब्दासाठी हे लिहायला बसलो त्याच्याकडे येतो.

२००३ साली मी नववीत होतो. त्या वर्षी आमच्या भागात मोठा दुष्काळ होता. तेव्हा लिफ्टचं पाणी आमच्या शिवारात आलेलं नव्हतं. तासगाव तालुका म्हणजे द्राक्षं आणि बेदाणा. ('बेदाणा' फारसी शब्द, बे-दाणा, ज्यात बी नाही तो.) द्राक्षबाग ही एका वर्षाची गोष्ट नसते, वेल जगवावे लागतात. लोकांनी टँकरने पाणी आणून बागा जगवायचा प्रयत्न केला. आम्हीही केला. टँकरचे पैसे गेले आणि बागही गेली. मार्चला सोसायटी भरली गेली नाही, नवं-जुनं करायलाही पैसे उभे राहिले नाहीत.

मग एके दिवशी सोसायटीच्या ऑफिसबाहेरच्या फळ्यावर एक कागद लागला. टाइप केलेला, वर मथळा 'डिफॉल्टर यादी'. आप्पांचं नाव अकरावं होतं. गावात डेअरीला दूध घालायला जायचा रस्ता त्या फळ्यावरून जायचा. त्यानंतर दीडेक वर्ष आप्पा मागच्या ओढ्याकडून वळसा घालून डेअरीला जायचे. कोणी काही म्हणालं नव्हतं. यादीतले बाकीचे सगळेही आमच्यासारखेच होते. तरीही. मला त्या वयात तो शब्द वाचता येत होता, अर्थ लागत नव्हता. इंग्रजीच्या सरांना विचारला, ते म्हणाले, "चूक करणारा."

पुढे इंजिनिअर झालो, पुण्यात नोकरी लागली, आणि पहिल्याच आठवड्यात हा शब्द पुन्हा समोर. "या फील्डची डिफॉल्ट व्हॅल्यू काय ठेवायची?" तुम्हाला माहीतच आहे, आपल्या धंद्यात डिफॉल्ट म्हणजे वापरणाऱ्याने काही निवडलं नाही तर जे आपोआप धरलं जातं ते. दिवसातून पन्नास वेळा लिहायचा शब्द. प्रत्येक वेळी डोळ्यांसमोर तो फळा यायचा.

मूळ बघायला गेलो तर कळलं की हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला, आणि त्याच्या मुळाशी लॅटिन 'फालेरे' आहे. अर्थ फसवणं, कमी पडणं. 'फेल', 'फॉल्ट', 'फॉल्स' ही त्याचीच भावंडं. इंग्लंडच्या कोर्टात, बोलावूनही जो हजर राहिला नाही तो 'डिफॉल्ट'मध्ये, निकाल त्याच्या विरुद्ध. तिथून तो कर्जाकडे गेला, वेळेवर भरलं नाही तो डिफॉल्टर. आणि विसाव्या शतकात आपल्याकडे आला, निवडलं नाही ते डिफॉल्ट. तिन्हीत एक गोष्ट समान आहे. कुणाकडून तरी काहीतरी अपेक्षित होतं आणि ते झालं नाही. का झालं नाही, हे त्या शब्दाला विचारायचंच नसतं. कोर्टात न आलेला माणूस आजारी होता का, पाऊस पडला नव्हता का, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. त्यातल्या त्यात सॉफ्टवेअरवाले बरे. ते म्हणतात, नाही निवडलंस, हरकत नाही, आम्ही एक बरीशी व्हॅल्यू धरतो.

त्याच वर्षी आईची विम्याची पॉलिसीही 'लॅप्स' झाली. हप्ता भरायला पैसे नव्हते. लॅप्सचं मूळ लॅटिन 'लाप्सुस', घसरणं, निसटणं. हा शब्द वाचला की कुठल्याही सातारकराला शाळेतला इतिहास आठवला पाहिजे. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी छत्रपती प्रतापसिंहांना साताऱ्याच्या गादीवर बसवलं, १८३९ मध्ये त्यांना पदच्युत केलं आणि त्यांचे भाऊ शहाजी ऊर्फ आप्पासाहेब यांना बसवलं. (प्रतापसिंहांची बाजू मांडायला रंगो बापूजी लंडनला जाऊन वर्षानुवर्षं खेटे घालत राहिले, उपयोग झाला नाही.) १८४८ च्या एप्रिलमध्ये आप्पासाहेब वारले. त्यांना मुलगा नव्हता, मरण्यापूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता. डलहौसीने तो दत्तक मान्य केला नाही आणि साताऱ्याचं राज्य कंपनीकडे गेलं. या धोरणाचं इंग्रजी नाव 'डॉक्ट्रिन ऑफ लॅप्स'. म्हणजे राज्य काही कोणी घेतलं नाही हो. ते आपलं आपणच घसरलं आणि योगायोगाने कंपनीच्या झोळीत पडलं!

मराठीत याला काय म्हणतात? 'राज्य खालसा केलं.' खालसा हा अरबी 'खालिस'वरून आलेला, म्हणजे शुद्ध, निव्वळ, आणि त्यावरून थेट सरकारच्या मालकीचं. हा शब्दही उसनाच. पण व्याकरण बघा. 'लॅप्स' होतं, 'खालसा' करतात. खालसा म्हटलं की लगेच प्रश्न येतो, कोणी केलं? लॅप्स म्हटलं की प्रश्नच संपतो.

हे लक्षात आलं तेव्हा मी फळ्यावरच्या त्या शब्दाकडेही तसंच बघितलं. डिफॉल्टरमध्ये उलटी तऱ्हा आहे. राज्य घेतलं तेव्हा करणारा गायब केला. कर्ज राहिलं तेव्हा मात्र करणारा पकडून फळ्यावर लावला, आणि दुष्काळ, वीज, बाजारभाव सगळे गायब. आमच्या जुन्या माणसांचा याला शब्द होता 'थकबाकी'. 'बाकी' अरबी, पण 'थक' आपला. "पैसे थकले." माणूस चुकला नाही, रक्कम थकली. चालता चालता एखादा वाटेत बसतो तशी. उद्या परत चालायला लागेल. दोन्ही शब्द एकाच रुपयाबद्दल बोलतात, पण एका शब्दाच्या घरासमोरून माणूस दूध घेऊन जाऊ शकतो, दुसऱ्याच्या समोरून नाही.

इंग्रजी वाईट आणि मराठी चांगली असं मला मुळीच म्हणायचं नाही. 'कर्जबुडव्या' हा शब्द मराठीच आहे. आणि 'कर्जमाफी' तर काय! माफी गुन्ह्याला असते. २००८ साली केंद्राची मोठी योजना आली तेव्हा सगळीकडे हाच शब्द होता. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने मात्र पहिल्यापासून 'कर्जमुक्ती' हा शब्द धरून ठेवला होता. माफी कसली, आम्ही काय गुन्हा केलाय, हा त्यांचा मुद्दा. पुढे राज्य सरकारच्या २०१७ च्या योजनेच्या नावात 'सन्मान' आला आणि २०१९ च्या योजनेचं नाव ठेवलं गेलं महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना. (फुल्यांचं मूळ गाव कटगुण, सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यातलं.) योजनांचे निकष, त्यातल्या त्रुटी हा वेगळा विषय आहे आणि त्यावर आमच्या पारावर तासन्‌तास बोलणारे लोक आहेत. पण माफीची मुक्ती झाली ती आपोआप झाली नाही. कोणीतरी वर्षानुवर्षं त्या एका शब्दावर अडून बसलं होतं.

आता हापिसातलं. सध्या मी ज्या टीममध्ये आहे ती कर्जाचे हप्ते सांभाळणारं सॉफ्टवेअर बनवते. गेल्या वर्षी त्याचे स्क्रीन आणि एसएमएस मराठीत आणायचं ठरलं. बाहेरच्या भाषांतरकारांकडून तीनेकशे शब्दांची एक्सेल आली. 'डिफॉल्टर'समोर लिहिलं होतं 'कसूरदार'. मी त्या ओळीला पिवळा रंग दिला आणि मेल टाकली की इथे माणसाचं नाव ठेवू नका, हप्त्याबद्दल बोला. 'आपला हप्ता थकला आहे.' आमचे मॅनेजर दिल्लीचे, त्यांनी विचारलं की फरक काय पडतो. मी अर्धा तास घेतला. १८४८ पर्यंत गेलो नाही, पण थकणं म्हणजे काय ते सांगितलं. त्यांची भीती अशी की मऊ भाषेत लिहिलं तर लोक पैसे भरायचे नाहीत. शेवटी ठरलं की कायद्याच्या कागदात जिथे तो इंग्रजी शब्द लागतोच तिथे तो राहील, पण माणसाच्या मोबाईलवर जाणाऱ्या मराठीत 'हप्ता थकला आहे' असंच जाईल. तेव्हापासून तसंच जातंय. त्यामुळे वसुली घटली, अशी तक्रार अजून तरी कोणी केलेली नाही.

गेल्या महिन्यात घरी गेलो होतो तेव्हा आप्पांना लॅपटॉपवर हे दाखवलं. त्यांची सोसायटी केव्हाच फिटली. बेदाण्याचे दोन हंगाम चांगले गेले आणि व्याजासकट भरून टाकली. आता शिवारात लिफ्टचं पाणी आहे आणि डेअरीला ते सरळ रस्त्याने जातात. चष्मा लावून त्यांनी ती ओळ दोनदा वाचली. मान हलवली. मला वाटलं काहीतरी कौतुक करतील.

"आन् भरल्यावर काय लिवून येतं?"

मी दाखवलं. 'आपला व्यवहार यशस्वी झाला आहे.'

"येवढंच? माणसानं पोटाला चिमटा घेऊन भरल्यालं आसतंय. पैसे मिळाले, आभारी हाय, येवढं तरी लिवा की."

एक्सेलमधल्या त्या ओळीला काल रात्री पिवळा रंग दिलाय. सोमवारी मेल टाकतो.